बॅकअप घेतलाय, पण परत मिळेल का? घरच्या कॉम्प्युटरमधल्या फाइली खात्रीने जपण्याची पद्धत



"अगं, दोन ठिकाणी ठेवलंय की सगळं!" २०१९ च्या जुलैमध्ये माझ्या सांगलीच्या मामांनी मला हे ऐकवलं होतं. मी तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीत गेल्यावर घरातल्या प्रत्येकाला बॅकअपचं व्याख्यान देत होते. मामांचं उत्तर ऐकून मी गप्प बसले. दोन ठिकाणी आहे म्हणजे झालं की!

मामांचं डीटीपीचं छोटं दुकान घराच्याच तळमजल्यावर होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका अशी कामं. त्याच कॉम्प्युटरवर आणखी एक फोल्डर होतं, आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं. आजी सांगायची आणि मामा रात्री दुकान बंद झाल्यावर टाइप करायचे. काही ओव्या तिच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्डही केल्या होत्या. २०१६ मध्ये आजी गेली, तोवर ३१२ ओव्या झाल्या होत्या. एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. ही हार्ड डिस्क त्याच खोलीतल्या फळीवर असायची. फळीसुद्धा मामांनी विचार करून ठोकली होती, २००५ च्या पुराची भिंतीवर जी खूण होती तिच्याही वर.

महिन्याभरात पूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ची खूण पाण्याखाली गेली आणि फळीही गेली. घरचे सगळे वेळेत मिरजेला मावशीकडे पोचले, हे महत्त्वाचं. पण "दोन ठिकाणं" एकाच खोलीत होती, हे पाणी ओसरल्यावर कळलं.

आज मी सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून काम करते, ऑफिसात बॅकअप ही रोजची गोष्ट आहे. तरी बॅकअपबद्दल मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या फळीने. या लेखात आपण घरच्या फाइलींसाठी कोणती साधनं निवडावीत, किती प्रती ठेवाव्यात आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या प्रती खरंच परत मिळतात का हे कसं तपासावं, ते पाहूया.

आधी पाहू, बॅकअप काय नाही

बॅकअप म्हणजे मूळ फाइल गेली तरी तिच्याशिवाय उभी राहणारी दुसरी प्रत. व्याख्या सोपी आहे, पण आपण ज्याला बॅकअप म्हणतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी या व्याख्येत बसत नाहीत.

१. डी ड्राइव्ह. "सी मध्ये विंडोज आहे, म्हणून फोटो डी मध्ये ठेवलेत" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. विंडोज पुन्हा टाकताना डी ड्राइव्ह वाचतो हे खरं. पण घरच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क बंद पडली की दोन्ही एकदम जातात.

२. जागा करण्यासाठी हलवलेल्या फाइली. लॅपटॉप भरला म्हणून फोटो एक्स्टर्नल डिस्कवर टाकले आणि लॅपटॉपवरून डिलीट केले. हा बॅकअप नव्हे, हे सामान दुसऱ्या खोलीत नेणं झालं. प्रत आधीही एकच होती, आताही एकच आहे.

३. सिंक. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स यांचं मुख्य काम सगळ्या उपकरणांवर एकसारख्या फाइली ठेवणं हे आहे. तुम्ही लॅपटॉपवर फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, नंतर कायमची जाते. चूक दीड महिन्याने लक्षात आली तर? गूगल फोटोजचंही तसंच. अ‍ॅपमधून फोटो उडवला की तो क्लाउडमधूनही जातो, बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतो, पुढे नाही. "फोनमध्ये जागा करतो" म्हणून फोटो उडवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

४. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवलेले फोटो. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. जे उरतं ते मूळ फोटोपेक्षा कमी दर्जाचं असतं. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तरी त्यावर विसंबून राहू नका.

फाइली जातात कशा?

साधन निवडण्याआधी शत्रू ओळखायला हवा. घरच्या फाइली साधारण पाच वाटांनी जातात:

– डिस्क बंद पडते. कधी आवाज करून, कधी काहीही न सांगता.
– आपल्याच हाताने चूक होते. चुकीचं फोल्डर डिलीट होतं, जुन्या फाइलवर नवी फाइल सेव्ह होते.
– वस्तूच जाते. चोरी, आग, पाणी, प्रवासात हरवलेली बॅग.
– रॅन्समवेअर येतं. हा व्हायरस फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो. २०१७ च्या मे महिन्यातल्या वॉनाक्रायने जगभर हेच केलं होतं. कॉम्प्युटरला जोडलेली एक्स्टर्नल डिस्कही यात सापडते.
– अकाउंट हातातून जातं. पासवर्ड विसरला, जुना मोबाइल नंबर बंद झाला, ओटीपी येईना.

आता मामांची व्यवस्था या यादीवर लावून बघा. पहिल्या दोन वाटांसाठी ती चांगली होती. तिसऱ्या वाटेला तिच्याकडे उत्तरच नव्हतं. कोणतंही एक साधन पाचही वाटा अडवत नाही, म्हणून "सगळ्यात चांगला बॅकअप कोणता?" या प्रश्नाला एका नावाचं उत्तर नाही. दोन वेगळ्या स्वभावाची साधनं लागतात.

३-२-१ चा नियम

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी डिजिटल फोटो सांभाळण्याबद्दलच्या त्यांच्या पुस्तकात हा नियम मांडला आणि तो जगभर रूढ झाला:

– फाइलीच्या ३ प्रती (एक मूळ, दोन बॅकअप)
– २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर
– त्यातली १ प्रत घराबाहेर

यातल्या शेवटच्या एकाकडे आपण सगळ्यात जास्त दुर्लक्ष करतो. 'टॉय स्टोरी २' या सिनेमाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये काम चालू असताना पिक्सारमध्ये कुणाच्या तरी एका कमांडमुळे सिनेमाच्या फाइली उडू लागल्या. बॅकअप काढायला गेले तर तो नीट चालतच नव्हता. सुपरवायझिंग टेक्निकल डायरेक्टर गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. तिने काम वाचवलं. एवढ्या मोठ्या स्टुडिओला कामाला आली ती घराबाहेरची, म्हणजे त्यांच्यासाठी ऑफिसबाहेरची प्रत.

आपल्यासाठी 'घराबाहेर' म्हणजे क्लाउड, किंवा दुसऱ्या गावातल्या बहिणीच्या कपाटातली डिस्क. शेजारच्या खोलीतलं कपाट चालणार नाही. पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर शेजारचं घरही नाही.

कोणतं साधन कशासाठी?

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड: फाइल इथून तिथे न्यायला उत्तम, जपून ठेवायला नाही. हरवतात, वाकतात, स्वस्तातले अचानक बंद पडतात. शिवाय बाजारात बनावट माल भरपूर. वर १ टीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटरही १ टीबी दाखवतो, पण आत जागा ३२ जीबीचीच असते. ती संपली की पुढच्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, उघडत मात्र नाहीत. किंमत संशयास्पद कमी असेल तर घेऊ नका. घेतलाच असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क: घरच्या बॅकअपसाठी माझी पहिली पसंती. प्रत्येक जीबीमागे खर्च कमी आणि जागा भरपूर. आत फिरणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांच्यावर केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर वाचणारं हेड तरंगत असतं. त्यामुळे चालू असताना धक्का लागणं सगळ्यात वाईट. काढताना 'सेफली रिमूव्ह' करा आणि काम झालं की वायर काढून ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या आणि विजेच्या झटक्याच्या तावडीत असते.

एक्स्टर्नल एसएसडी: वेगवान, धक्क्याला न घाबरणारी, पण महाग. रोजच्या वापराला छान. मात्र वर्षानुवर्षं कपाटात नुसती ठेवून द्यायला योग्य नाही, कारण आतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू उतरू शकतो.

सीडी, डीव्हीडी: आपल्या लग्नांच्या आणि बारशांच्या जुन्या डीव्हीडी कपाटात पडून असतील. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर कालांतराने खराब होतो, आणि नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. या आठवड्यात त्या काढा आणि हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

नॅस: घरच्या वायफायला जोडलेली डिस्कची पेटी. घरात चार-पाच लोकांचे लॅपटॉप असतील तर सोयीची. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रेड ही सोय त्यात मिळते. पण लक्षात ठेवा, रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, चुकून डिलीट केलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जाते.

क्लाउड: घराबाहेरची प्रत ठेवायचा सगळ्यात सोपा मार्ग. गूगलच्या अकाउंटला १५ जीबी मोफत मिळतात, त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज सगळं आलं. वनड्राइव्ह आणि आयक्लाउडला ५ जीबी. कागदपत्रांना हे पुरतं, व्हिडिओंना नाही. पैसे भरून जागा घेण्याआधी घरच्या इंटरनेटचा हिशेब करा. २०० जीबी म्हणजे साधारण १६ लाख मेगाबिट. अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर ८० हजार सेकंद लागतील, म्हणजे सलग साधारण २२ तास. पहिल्यांदा दोन-तीन रात्री चालू ठेवायची तयारी ठेवा. परत उतरवतानाही वेळ लागणारच आहे.

आणखी एक. गूगलच्या नियमानुसार वैयक्तिक अकाउंट २ वर्षं वापरलं नाही तर ते आतल्या सगळ्यासकट काढून टाकलं जाऊ शकतं. घरातल्या गेलेल्या माणसाचे फोटो त्यांच्या अकाउंटमध्ये असतील तर ते आजच उतरवून घ्या. स्वतःच्या अकाउंटसाठी 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये घरच्या कुणाचं तरी नाव टाकून ठेवा.

सगळं जपायची गरज नाही

३-२-१ ऐकून लोक घाबरतात, कारण त्यांना अख्खा कॉम्प्युटर तीन वेळा कॉपी करायचा असं वाटतं. तसं नाही. फाइलींचे तीन ढीग करा:

पहिला ढीग, जे पुन्हा मिळणार नाही: फोटो, घरचे व्हिडिओ, आवाजाची रेकॉर्डिंग, स्वतःचं लेखन. यांना पूर्ण ३-२-१.

दुसरा ढीग, जे मिळेल पण हेलपाटे घालून: सातबाऱ्याच्या आणि खरेदीखताच्या स्कॅन प्रती, मार्कशीट, विम्याचे कागद, टॅक्सचे हिशेब. हा ढीग आकाराने लहान असतो, त्यामुळे यालाही पूर्ण ३-२-१ परवडतं.

तिसरा ढीग, जे पुन्हा डाउनलोड होतं: सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअर. याला बॅकअप नको.

माझ्या लॅपटॉपवर साडेचारशे जीबी भरलेले होते. पहिले दोन ढीग मिळून भरले फक्त ११० जीबी.

विंडोजवर सुरुवात कशी करायची?

विंडोजमध्ये 'फाइल हिस्ट्री' नावाची सोय विंडोज ८ पासून आहे आणि ती मोफत आहे. एक्स्टर्नल डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेल उघडा, 'सिस्टिम अँड सिक्युरिटी'मध्ये 'फाइल हिस्ट्री'वर जा आणि 'टर्न ऑन' करा. डिस्क जोडलेली असेल तेव्हा ती दर तासाला बदललेल्या फाइली कॉपी करते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. म्हणजे मंगळवारी बिघडवलेल्या फाइलची सोमवारची प्रत परत मिळते. निव्वळ कॉपी-पेस्टपेक्षा हा मोठा फायदा.

एक खाच मात्र आहे. ही सोय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज अशा ठरावीक फोल्डरांचीच काळजी घेते. तुमचे फोटो डी ड्राइव्हमधल्या 'नवीन फोल्डर २' मध्ये असतील तर त्यांचा बॅकअप होणार नाही आणि तसा इशाराही मिळणार नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' करा किंवा फाइली योग्य जागी हलवा.

मॅकवर 'टाइम मशीन' हेच काम जास्त सोपेपणाने करतं. लिनक्सवर डेजा डूप वापरायला सोपं आहे.

माझी स्वतःची पद्धत सांगते. दर रविवारी सकाळी चहा होईपर्यंत डिस्क जोडते, बॅकअप झाला की काढून कपाटात. पहिले दोन ढीग क्लाउडवरही जातात. दुसरी एक डिस्क आईकडे गावी आहे. दिवाळीला आणि मे महिन्यात घरी जाते तेव्हा ती अद्ययावत करते. यात अवघड काहीच नाही, आणि म्हणूनच ते टिकलंय.

कुलूप लावा, पण किल्ली जपा

बॅकअपच्या डिस्कवर तुमच्या आधार आणि पॅनच्या प्रती असतात. ती एसटीत विसरली तर? म्हणून ती एन्क्रिप्ट करा. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकरने, नाहीतर व्हेराक्रिप्ट या मोफत सॉफ्टवेअरने. पण पासवर्ड विसरलात तर ती माहिती तुमच्यासाठीही संपली. तो कागदावर लिहा आणि घरातले महत्त्वाचे कागद असतात तिथे ठेवा, डिस्कबरोबर नाही.

तुमचा लॅपटॉपसुद्धा तुमच्या नकळत एन्क्रिप्ट झालेला असू शकतो, नव्या विंडोजमध्ये हे बऱ्याचदा आपोआप होतं. मदरबोर्ड गेला आणि डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आजच लॉगिन करून ती दिसते का पाहा आणि कागदावर उतरवून घ्या.

मराठी फाइलींची वेगळी अडचण

आता पुन्हा मामांच्या फळीकडे. पाणी ओसरल्यावर मामांनी हार्ड डिस्क पुसली, दोन दिवस उन्हात वाळवली आणि मावशीच्या कॉम्प्युटरला जोडली. टक, टक, टक असा आवाज आला आणि काहीच दिसेना. पुढे पुण्यातल्या एका डेटा रिकव्हरीवाल्यांनी उघडून पाहिलं, तर आतल्या चकत्यांवर ओरखडे गेलेले. वाळलेल्या गाळासकट चकत्या फिरल्या होत्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा: भिजलेली डिस्क चालू करायची नाही, ऊन किंवा हेअर ड्रायर दाखवायचा नाही, तांदळात ठेवायची नाही. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून लवकरात लवकर जाणकाराकडे न्यायची.

वाचलं ते एवढंच: २०१५ मध्ये मामांनी मला पाहायला म्हणून ईमेलवर पाठवलेली एक पेजमेकरची फाइल. तिच्यात १४० ओव्या होत्या. मी आनंदाने ती उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता खिचडा.

कारण असं. युनिकोड रूढ होण्याआधी श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये मराठी टाइप व्हायचं. डीटीपीत अजूनही होतं. या फाइलींच्या आत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि तो ठरावीक फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. आणि आमचा फॉन्ट होता बुडालेल्या कॉम्प्युटरवर.

शेवटी मामांच्या ओळखीतल्या एका डीटीपीवाल्यांकडे तेच सॉफ्टवेअर आणि तोच फॉन्ट मिळाला. मजकूर बाहेर काढला, कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला. रफार आणि पहिली वेलांटी जागोजागी चुकीच्या अक्षरावर बसली होती. मामांनी १४० ओव्या पुन्हा एकेक करून तपासल्या. बऱ्याच त्यांना पाठ होत्या. उरलेल्या १७२ ओव्यांपैकी आई, मावशी आणि मामांनी मिळून साठेक आठवून लिहिल्या. बाकीच्या गेल्या. आजीच्या आवाजातलं तर काहीच उरलं नाही.

म्हणून जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइलींसाठी माझा नियम: मूळ फाइल, तिची पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर असं तिन्ही ठेवा. पीडीएफ दिसायला बरोबर राहते, पण जुन्या फॉन्टची असेल तर त्यातला मजकूर शोधता किंवा कॉपी करता येत नाही. युनिकोड मजकूर कोणत्याही मोबाइलवरही उघडतो. मूळ फाइलबरोबर तिचा फॉन्टही त्याच फोल्डरमध्ये टाकून ठेवा.

परत आणून पाहा, नाहीतर बॅकअप नाही

या लेखातून एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. "बॅकअप झाला" असा संदेश म्हणजे फाइली कुठेतरी लिहिल्या गेल्या, एवढंच. त्या परत येतील, उघडतील, वाचता येतील हे त्यातून सिद्ध होत नाही. माझ्या मेलमधली ती फाइल चार वर्षं सुरक्षित होती. मी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. पाहिली असती, तर मामांचा कॉम्प्युटर चालू होता तोवरच फॉन्टची अडचण कळली असती. पूर्ण फाइल मागून घ्यायची आठवणही कदाचित तेव्हाच झाली असती. बॅकअपची व्याख्यानं देणारी मी, पण ही पाच मिनिटं मी काढली नाहीत.

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनीअरकडून चुकून चालू डेटाबेसवरच डिलीटची कमांड गेली. त्यांच्याकडे बॅकअपचे पाच मार्ग होते. गरज पडली तेव्हा त्यातला एकही भरवशाने चालत नाही असं कळलं. नशिबाने सुमारे ६ तासांपूर्वीची एक प्रत दुसऱ्या कामासाठी काढलेली होती, तीच वापरावी लागली. कंपनीने ही चूक उघडपणे सगळ्यांना सांगितली, म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

घरची तपासणी अर्ध्या तासात होते:

१. बॅकअपची डिस्क शक्यतो दुसऱ्याच कॉम्प्युटरला जोडा. तुमचा कॉम्प्युटर गेला तर हेच करावं लागणार आहे.
२. वेगवेगळ्या वर्षांच्या पाच फाइली कॉपी करून उघडा. नुसती नावं पाहून थांबू नका.
३. एक मोठा व्हिडिओ मधून आणि शेवटून चालवून पाहा.
४. एक जुनी मराठी फाइल उघडा.
५. क्लाउडवरून एक फोल्डर उतरवा. पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही चालतात का ते यातच कळेल.
६. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची तब्येत पाहा. 'कॉशन' दिसलं की नवी डिस्क घ्या, वाट पाहू नका.

हे वर्षातून दोनदा करा. ३१ मार्चला जगभर 'वर्ल्ड बॅकअप डे' पाळतात, पण आपल्याकडे तो मार्चएंडच्या धावपळीत जातो. आमच्या घरी दुसराच दिवस ठरलाय. खंडेनवमीला मामा दुकानातल्या यंत्रांची पूजा करतात. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागायच्या आधी बॅकअपच्या डिस्कवरून ओव्यांची फाइल उघडायची, एक ओवी मोठ्याने वाचायची आणि मला फोन करायचा. आता एक डिस्क पुण्यात माझ्याकडे असते, एक मिरजेला, आणि एक प्रत क्लाउडवर. गेल्या वर्षी फोनवर मामांनी एवढंच विचारलं, "इथली उघडली. तुझ्याकडची उघडून बघितलीस का?"

मी तोवर बघितली नव्हती. फोन ठेवून आधी तेच केलं. तुम्हीही हा लेख बंद केल्यावर तुमच्या बॅकअपमधली कोणतीही एक फाइल उघडून बघा. उघडली नाही, तर आज मूळ फाइल हातात आहे, तोवरच सगळं नीट करता येईल.